मांडवापासून सभागृहापर्यंत

गतवर्षीच्या आपल्या वार्षिक सभेत समाजभवनाचा विषय निघाला होता, हे सभासद कुटुंबांच्या स्मरणात असेलच. त्या दिवशी जागेविषयी थोडी, वर्गणीविषयी बरीच आणि दर्शनी कमानीविषयी सर्वांत अधिक चर्चा झाली. कमान दगडी असावी की सिमेंटची, तीवर कोणाकोणाची नावे कोरावीत, यातच तासभर निघून गेला. कमानीच्या आत काय असावे, हा प्रश्न मात्र कोणीच काढला नाही. प्रस्तुत लेखकही त्या दिवशी गप्पच बसला होता. तेव्हा दोष इतरांना देण्याचा मला अधिकार नाही. त्या मौनाची भरपाई म्हणून संपादक मंडळाच्या आज्ञेवरून हा लेख लिहीत आहे.

मी स्थापत्यविशारद नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला आणि आयुष्यभर मुलांना इतिहास-भूगोल शिकविला. म्हणून हा प्रश्न मला इतिहासाच्या वाटेनेच सोडविता येईल. आपली माणसे पूर्वी एकत्र कशी बसत, त्यांच्या डोक्यावर छप्पर कसले असे, त्या छपराचे गुण कोणते व दोष कोणते, हे एकदा नीट ध्यानात आले म्हणजे आपले भवन कसे असावे याचा उलगडा आपोआप होईल, असा माझा विश्वास आहे.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. बार्शीटाकळीचे कालंका देवीचे काळ्या पाषाणाचे देऊळ आपण सर्वांनी पाहिलेले आहे. येथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ चा आहे. अशा देवळांस आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. परंतु देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आपला शिलालेख त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधीचा! असो. सांगण्याचा मुद्दा असा की, अशा देवळांत गाभाऱ्यापुढे जो मंडप असतो, तेच आपल्या भागातील सर्वांत जुने टिकलेले सभागृह होय. कीर्तन, पुराण, गावकीचा निवाडा, वाटसरूंचा मुक्काम, हे सर्व एकाच मंडपात होत असे.

मात्र दगडाला एक मोठी मर्यादा आहे. दगड वरचा भार उत्तम सोसतो, पण आडवा टाकून त्याची तुळई केली की थोड्याच लांबीवर ती तडकते. म्हणून दगडी मंडपात खांबाला खांब जवळ उभे करावे लागतात. शेपन्नास माणसे तेथे सुखाने बसतात. हजार माणसांना तेथे बसविता येत नाही, आणि खांबाआड बसलेल्यास कीर्तनकार दिसत नाही. शिवाय मंडप जेवढा बांधला तेवढाच राहतो. माणसे वाढली म्हणून तो वाढत नाही, कमी झाली म्हणून आकसत नाही.

यावर आपल्या पूर्वजांनी काढलेली तोड म्हणजे मांडव. शब्द मूळचा एकच, संस्कृत मंडप. परंतु वस्तू अगदी निराळी. चार मेढी रोवाव्या, वर आडव्या बल्ल्या बांधाव्या, तट्टे अथवा कापड पसरावे, आंब्याजांभळाचे डहाळे टाकावे, की सभागृह तयार. पाहुणे वाढले तर आणखी दोन मेढी. जेवणावळ बाजूला करावयाची तर मध्ये एक कनात ओढली, की एका मांडवाचे दोन मांडव झाले. कार्य उरकले की सारे सोडून पुन्हा खळे मोकळे. आज मोठमोठे अभियंते ज्याला लवचीक रचना म्हणतात, ती वऱ्हाडातील प्रत्येक लग्नघरी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे.

या मांडवाची खरी परीक्षा मोठ्या अधिवेशनांनी घेतली. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन आपल्या अमरावतीस भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर, आणि स्वागताध्यक्ष वऱ्हाडचे सुप्रसिद्ध वकील दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेखाली कारागृहात होते. सुमारे सातशे प्रतिनिधी जमले होते. ध्वनिवर्धक तर जगात कोठेच नव्हता. वक्त्याने आपल्या छातीच्या जोरावर बोलावे आणि श्रोत्यांनी कान टवकारून ऐकावे, असा तो काळ. पुढे १९१२ साली अकोल्यास मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष हरि नारायण आपटे. अकोल्यालाच १९८१ साली पुन्हा संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी आपल्या परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर होते.

अमरावतीनंतर अवघ्या तेवीस वर्षांनी, डिसेंबर १९२० मध्ये, राष्ट्रीय सभा नागपुरास भरली. असहकाराचा ठराव तेथे कायम झाला. त्या अधिवेशनास चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले. वाचकहो, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. सातशेच्या जागी चौदा हजार, म्हणजे वीसपट! अमरावतीच्या सभेसाठी कोणी पक्के सभागृह बांधले असते, तर ते नागपूरच्या कामी आले नसते. आणि नागपूरच्या मापाचे बांधले असते, तर उरलेले सर्व दिवस ते ओस पडले असते. मांडवाला ही अडचण कधीच आली नाही.

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखो माणसे उघड्या मैदानावर बसली होती. त्या भूमीवरील भव्य स्तूपाचे लोकार्पण २००१ साली झाले. मधली पंचेचाळीस वर्षे, दर वर्षी येणाऱ्या जनसमुदायासाठी, जमिनीनेच सभागृहाचे काम केले. आधी जागा हवी, छप्पर मागाहून येते, हा धडा आपणही घेण्याजोगा आहे.

मांडवकलेचा कळस मात्र आपल्या शेजारी, खानदेशात झाला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. अधिवेशन खेड्यात भरावे आणि त्याचा थाट खेड्यातल्याच साहित्याने व्हावा, असा महात्माजींचा आग्रह होता. त्यांनी शांतिनिकेतनाहून चित्रकार नंदलाल बोस यांना पाचारण केले, आणि त्यांनी बांबू व तत्सम गावठी वस्तूंतून टिळकनगर नावाची वसाहत उभी केली. शहरातील झुंबरांशिवाय व गालिच्यांशिवायही शोभा येऊ शकते, हे देशाला तेथे दिसले.

परंतु मांडवाचे गुण गाताना त्याचे दोष झाकणे हे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही. १९०१ साली कलकत्त्याच्या अधिवेशनास गांधीजी गेले होते. तेथील शौचकूपांची घाण पाहून त्यांनी स्वयंसेवकांना सांगितले, तर ते म्हणाले की हे भंग्याचे काम. अखेरीस गांधीजींनी स्वतः झाडू मागून घेतला. तेथेच, इतरांची नजर पडून विटाळ होऊ नये म्हणून काही प्रतिनिधींचे स्वयंपाकघर चहूबाजूंनी बंद केलेले, आत धुराने कोंदलेले त्यांनी पाहिले. देशाच्या स्वातंत्र्याची भाषणे एकीकडे, आणि मोरीची व चुलीची ही दशा दुसरीकडे! सभेची योग्यता व्यासपीठावर जेवढी दिसते, तेवढीच ती मागच्या अंगणातही दिसते.

दुसरा दोष याहून भयंकर. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली गावी एका शाळेचा बक्षीस समारंभ मंगल कार्यालयात चालू होता. वर कृत्रिम धाग्याच्या कापडाचा शामियाना होता. त्यास आग लागली, आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी पडली. चारशेहून अधिक जीव गेले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. ती वार्ता वाचली तेव्हा मी शाळेतच होतो. आमच्याही स्नेहसंमेलनाचा मांडव त्या आठवड्यात पडावयाचा होता. त्या वर्षी आम्ही मांडवाच्या तीन बाजू मोकळ्या सोडल्या. डबवालीला मांडवाचे कापड आणि इमारतीच्या भिंती एकत्र आल्या, म्हणजे दोहोंचे दोष जमले आणि दोहोंचे गुण गेले. जुना मांडव जळाला तरी माणूस कोठूनही कनात उचलून निसटू शकत असे.

लोखंड व काच आल्यावर जगाने यावर निराळा उपाय शोधला. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये महाप्रदर्शन भरले. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टन या मूळच्या बागवानाने लोखंडी खांबांचा व काचेचा प्रचंड महाल उभारला. त्याचे सर्व भाग ठरावीक मापाचे, कारखान्यात ओतून आणलेले. जागेवर केवळ जोडणी. प्रदर्शन संपल्यावर तो महाल सोडून सिडनहॅम येथे नेला व तेथे वाढवून १८५४ साली पुन्हा उघडला. थोडक्यात, तो इंग्रजांचा लोखंडी मांडवच होता! ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री तो जळून गेला, आणि त्यानंतर महिन्याच्या आतच फैजपूरचा बांबूचा मांडव उभा राहिला, हा एक विलक्षण योगायोग होय.

यानंतर सिमेंट-काँक्रीटचा काळ आला, आणि गावोगावी मंगल कार्यालये व समाजभवने झाली. पावसाची भीती गेली, ही मोठीच सोय. पण काहीतरी हरवले. काय हरवले, ते मला पुस्तकात नव्हे तर स्वतःच्या घरात कळले.

माझ्या वडील भगिनी, त्यांना आम्ही सर्व बाई म्हणत असू, अकाली विधवा झाल्या. कापूस वेचून, शिवणकाम करून त्यांनी दोन मुली शिकविल्या. काही वर्षांपूर्वी एका गावी वधूवर परिचय मेळावा भरला होता. गावाचे व सभागृहाचे नाव येथे घेत नाही. इमारत नवीकोरी; खाली चकचकीत फरशी, भिंतींना संगमरवरी तुकडे, मोठमोठ्या काचा. आयुष्यात प्रथमच बाई व्यासपीठावर चढल्या. हुंड्यापायी आपल्या थोरल्या मुलीचे लग्न दोनदा कसे मोडले, आणि समाजाने याबद्दल काहीतरी ठरवावे, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. आवाज वाढवावा तो शब्दांत शब्द मिसळून नुसता घुमघुमाट होई. तिसऱ्या ओळीच्या मागे एक अक्षर कळले नाही. त्या खाली उतरल्या तेव्हा टाळ्या मात्र झाल्या. परतताना एसटीत बाईंनी मला विचारले, “भाऊ, मी काय म्हटलं थे कोनाले आयकू आलं का रे?” मी हो म्हणालो. ते खोटे होते.

बाई आता नाहीत. त्या दिवसानंतर मात्र मी या विषयाचा पिच्छा सोडला नाही. तेव्हा मला कळले की, हीच व्यथा १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाला पडली होती. तेथील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, आणि तोवर वक्त्याचे आणखी दहाबारा शब्द त्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण अध्यापकाकडे ते काम आले. तो रात्री, रहदारी थांबल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या आणून त्या व्याख्यानगृहात पसरी, वाद्याची नळी वाजवी, आणि आवाज किती वेळात विरतो हे घड्याळावर मोजी. जितक्या गाद्या अधिक, तितका घुमारा कमी. त्यातून त्याने जो नियम काढला, तो आजही जगभर वापरतात. भाषणाच्या जागेत घुमारा सुमारे एक सेकंदाचा असावा, त्याहून फार नसावा. फरशी, काच व संगमरवर आवाज परतवून लावतात. कापड, गादी, छिद्रांचे लाकूड व माणसांची अंगे तो पिऊन टाकतात.

हे वाचताना मला एकदम मांडव आठवला. वर कापड, खाली जाजम, बाजूस कनात, आणि चहूकडे मोकळे आकाश. तेथे घुमारा कोठून येणार? आपल्या आजोबांना सॅबाइन ठाऊक नव्हता, पण त्यांचा मांडव त्याच्या नियमात चोख बसत होता. पक्क्या इमारतीत जाताना आपण मांडवाचे चार गुण नकळत मागे टाकले: तो लहानमोठा होई, त्यात बोललेले कळे, त्यातून कोठूनही बाहेर पडता येई, आणि त्याची एकच जमीन बैठकीला, पंगतीला व नाटकाला चाले.

आजची जगप्रसिद्ध संमेलनगृहे हेच चार गुण कोट्यवधी रुपये खर्चून परत विकत घेत आहेत. दिल्लीत द्वारका येथे १७ सप्टेंबर २०२३ रोजी यशोभूमी नावाच्या संमेलनकेंद्राचे उद्घाटन झाले. त्याच्या मुख्य प्रेक्षागृहात सुमारे सहा हजार माणसे बसतात. तेथील खुर्च्यांची व्यवस्था यंत्रावर चालते. हवे तेव्हा पायऱ्यांची चढती बैठक, आणि हवे तेव्हा सपाट जमीन. भिंतींना आवाज शोषणाऱ्या फळ्या लावलेल्या आहेत. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये तीन प्रदर्शनगृहे, दोन संमेलनगृहे व पंचवीस बैठकीच्या खोल्या आहेत. आणि त्याच्या स्वयंपाकघरातून दिवसाला अठरा हजारांहून अधिक माणसांचे भोजन निघू शकते, असे सांगतात. अशा वास्तूंत सरकत्या भिंती असतात. वरच्या रुळावर टांगलेली जाड पाने ओढली की एका दालनाची दोन-तीन दालने होतात. वीज व ध्वनीच्या तारा जमिनीखालच्या चरांतून नेतात, म्हणजे व्यासपीठ कोणत्याही बाजूस मांडता येते. लोखंडी कैच्यांवर छप्पर पेलल्याने मध्ये एकही खांब येत नाही. सरकती भिंत म्हणजे आपली कनातच नव्हे काय?

आपल्याला यशोभूमी बांधावयाची नाही. तेवढी आपली ऐपत नाही आणि गरजही नाही. पण मापे लहान केली तरी तत्त्वे बदलत नाहीत. म्हणून भवन समितीपुढे मी नम्रपणे काही गोष्टी ठेवतो.

प्रथम मोकळी जागा. खुर्च्या मांडून बसविल्यास माणशी आठ ते दहा चौरस फूट लागतात. म्हणजे सहाशे माणसांस सुमारे पाच-सहा हजार चौरस फूट. आपल्याकडे वर्षातून एकदा दोन हजार माणसे जमतात, आणि इतर वेळी साठ-सत्तर. तेव्हा सभागृह सहाशेचेच बांधावे, त्याची एक लांब बाजू रुंद दारांनी पूर्ण उघडणारी ठेवावी, आणि त्या बाजूस पटांगण राखावे. मोठ्या कार्यास तेथे मांडव टाकावा. दगडी मंडप आणि बल्ल्यांचा मांडव यांची अशी जोड झाली, म्हणजे कोणाचाच दोष उरणार नाही.

दुसरे, सरकत्या भिंतींचे तीन भाग पाडता यावेत. एकात अभ्यासिका, दुसऱ्यात महिला मंडळ, तिसऱ्यात बारसे, असे एका दिवशी चालले पाहिजे. अशा भिंतींचा भार वरच्या तुळईवर येतो, म्हणून हे आराखड्यातच ठरवावे लागते. छप्पर पडल्यावर सुचून उपयोग नाही.

तिसरे, आवाज. मागची भिंत व छत यांवर आवाज शोषणारे, पण लवकर पेट न घेणारे अस्तर लावावे. संगमरवराचा मोह टाळावा.

चौथे, दारे. एकमेकांपासून दूर अशी निदान चार दारे, सर्व बाहेरच्या अंगास उघडणारी. कार्य चालू असता कोणत्याही दारास कुलूप नसावे, मग फुकटे जेवणारे चार अधिक आले तरी चालतील.

पाचवे, उन्हाळा. आपली लग्ने वैशाखातली, आणि त्या दिवसांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. छत उंच असावे, वरच्या बाजूस झरोके असावेत, आणि नुसते पत्रे टाकून काटकसर करू नये.

सहावे, आणि माझ्या मते सर्वांत अगत्याचे, म्हणजे मागचे अंगण. धुराला वाट असलेली भट्टीची जागा, भांडी घासण्यास सावलीची मोरी, पाण्याची भरपूर टाकी, स्त्रियांसाठी पुरुषांच्या दुप्पट शौचालये, तान्ह्या मुलांच्या आयांसाठी एक शांत खोली, आणि म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांऐवजी उतार. आचारी, वाढपी व झाडणाऱ्या बाया यांनाही बसण्यास व जेवण्यास जागा असावी. कलकत्त्याची १९०१ ची गोष्ट आपल्या भवनाविषयी कोणी लिहू नये.

या सर्वांतून पैसा उरला तर कमान अवश्य बांधावी. तीस माझा विरोध नाही.

शेवटी एक विनंती. वास्तुशांतीपूर्वी एकदा सभागृह रिकामे असता त्याची परीक्षा घ्यावी. व्यासपीठावर एखाद्या शाळकरी मुलीस उभे करून तिला धडा वाचावयास सांगावे, आणि शेवटच्या ओळीत माझ्यासारख्या कान मंद झालेल्या म्हाताऱ्यास बसवावे. तिचे वाक्य मला जसेच्या तसे परत सांगता आले, तरच काम पूर्ण झाले असे समजावे. नाहीतर ठेकेदाराचे शेवटचे बिल थांबवावे. मागच्या भिंतीच्या अस्तराचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून हप्त्याहप्त्याने देईन. त्यावर नाव कोणाचेही घालू नये. बाईंना मी एसटीत जे सांगितले होते, ते निदान पुढल्या कोणा बहिणीच्या बाबतीत खरे ठरावे, एवढीच इच्छा आहे.